लाकडी बाण आणि हिरवी चटणी

बास्केटबॉलच्या मॅचमध्ये सगळ्यात कमी घाम गाळणारी चार माणसं असतात. मैदानाच्या कडेला एका लांब टेबलामागे ती ओळीनं बसतात आणि दिसतात अशी, की आता पोलिओचा डोस पाजायला सुरुवात करणार. त्यातली डावीकडून दुसरी, जाड चष्म्याची, ती मी. एकतीस वर्षं मी तिथे बसले. लोकांना वाटायचं, हिला फुकटात पुढची खुर्ची मिळते. मिळते खरी, पण मॅच बघायला मिळत नाही. मी एकतीस वर्षांत फक्त मुलींच्या पाठीवरचे नंबर पाहिले. चेहरे पाहिले ते रडताना नाहीतर बक्षीस घेताना, म्हणजे लिहायचं काम संपल्यावर.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी आपल्या नोकरीविषयी लिहितं. मागच्या वर्षी रेल्वेतल्या काकांनी इंजिनाबद्दल अकरा पानं लिहिली आणि ती वाचून कुणाला इंजिन चालवता येईल असं काही झालं नाही. यंदा माझ्यावर आलं. मी संपादकीणबाईंना म्हटलं, "अहो, मी नुसती नंबर लिहीत होते." त्या म्हणाल्या, "झाशीत कोण विसरलंय ते? तुम्ही बाणाचंच लिहा." तेव्हा बाणाचं लिहिते. पण आधी थोडं टेबलाचं सांगावं लागेल, नाहीतर बाण कशाशी खातात हे कळायचं नाही.

कॉलेजात क्रीडा विभागाची लिपिक म्हणून मी लागले, तेव्हा व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल यातला फरक मला फक्त टोपलीवरून कळायचा. आमच्या विभागप्रमुखांनी माझं अक्षर पाहिलं आणि त्याच आठवड्यात मला टेबलावर नेऊन बसवलं. अक्षर चांगलं असण्याचे तोटे मी शाळेपासून भोगतेय. शाळेत फळ्यावर सुविचार, घरी सगळ्या नातेवाइकांच्या पत्रिका, आणि नोकरीत स्कोअरशीट.

स्कोअरशीट म्हणजे एकच मोठा कागद. रंग दोन. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. बास्केट पडली की गुणाच्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी ती टाकणाऱ्या मुलीचा नंबर. लांबून टाकलेली, तीन गुणांची असली तर त्या नंबराभोवती गोल. झालं. एवढं ज्याला जमलं तो माझ्या जागी बसू शकतो, फक्त चाळीस मिनिटं नाक खाजवायचं नाही. आणि हो, तो गोल लक्षात ठेवा. पुढे त्यावरून रामायण आहे.

एकेक नमुने यायचे. एकदा एका संघात दोन मुली सात नंबरच्या निघाल्या. नियमानं एका संघात एक नंबर एकीलाच. मी मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, "मैडमजी, क्या करें, दोनों का मूलांक सात है." दोघींनी एकाच ज्योतिषाला विचारलं होतं. मी पांढऱ्या चिकटपट्टीनं एकीच्या साताआधी एक लावून सतरा करून दिला. ती रडायला लागली. एक आणि सात आठ, आठ म्हणजे शनी. पंच शिट्टी घेऊन उभे, मैदान थांबलेलं, आणि ही शनीला घाबरून बाकावर. मी पट्टी काढली, सात पट्टीनं झाकून पंचवीस केला आणि म्हटलं, "दोन आणि पाच किती?" मुलगी डोळे पुसून मैदानात पळाली. मॅच संपल्यावर तो मॅनेजर माझ्याकडे आला, ते बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त विचारायला.

दुसरी गोष्ट वरातीची. तेव्हा आमचं मैदान उघड्यावर होतं, रस्त्याला लागून. टेबलाचा विजेचा भोंगा बिघडला म्हणून आम्ही ट्रकचा रबरी भोंपू आणला होता. बदली खेळाडू आत घ्यायचा, टाइमआउट द्यायचा, की तो दाबायचा. लग्नसराईचे दिवस. रस्त्यानं वरात आली आणि बँडवाल्याची तुतारी हुबेहूब आमच्या भोंपूसारखी. तुतारी वाजली की मुली खेळ थांबवून बाकाकडे निघायच्या. तीनदा झालं. चौथ्यांदा आमचा खरा भोंपू वाजला तर मुली जागच्या हलल्या नाहीत, आणि रस्त्यावर नवरदेवाची घोडी मात्र थांबली.

हा भोंपू दाबणारे पाठकजी. त्यांची ओळख आता करून द्यायलाच हवी.

पाठकजी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. त्यांना विभागप्रमुखांनी पकडून आणलं, कारण त्यांच्याकडे स्टॉपवॉच होतं. दतिया गेटजवळ घर, मुखी कायम बुंदेली, आणि पोटाला कायम भूक. टेबलावर ते घड्याळ चालवायचे. पंचांची शिट्टी झाली की थांबवायचं, चेंडू आत आला की सुरू. माझ्या उजव्या हाताला त्यांची खुर्ची. मला ते जिज्जी, म्हणजे ताई, म्हणायचे, वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठे असून. पहिल्या दिवशी मी तक्रार केली, तर म्हणाले, "उमर से का होत है जिज्जी, डाँटती तो आप हो."

आता बाण. दोन मुलींनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरला आणि दोघींपैकी कुणीच सोडेना, सेलमधल्या साडीसारखी ओढाओढ सुरू झाली, की पंच शिट्टी मारतात आणि दोन्ही अंगठे वर करतात. मग चेंडू कुणाला? तर पाळीपाळीनं. मागच्या वेळी तुम्हाला मिळाला, आता आम्हाला. दुसरा, तिसरा, चौथा क्वार्टर सुरू करतानाही हीच पाळी. पाळी कुणाची हे विसरू नये म्हणून टेबलावर एक बाण असतो. ज्या संघाची पाळी, तो ज्या बाजूला चढाई करतोय तिकडे बाणाचं टोक. पाळी घेऊन झाली, चेंडू आतल्या मुलीच्या हातात पडला, की बाण उलटा फिरवायचा. इतकं सोपं, की घरात दोन मुलं असलेल्या कुठल्याही बाईला हे आधीच ठाऊक असतं.

आमचा बाण लाकडी. दतिया गेटच्या सुतारानं जुन्या पलंगाच्या फळीतून कापला, मी लाल रंग दिला, मध्ये एक बोल्ट. थोडा अडकायचा, नख लावून फिरवावा लागे. नियमानं बाण फिरवायचं काम लिहिणाऱ्याचं, म्हणजे माझं. पण माझा एक हात पेनात, एक कागदावर, डोळे मुलींच्या पाठीवर. म्हणून आमची एक पद्धत पडली. मी म्हणायचं, "बाण." पाठकजींनी तो फिरवायचा आणि म्हणायचं, "गओ." गओ म्हणजे गेला, फिरला. मान वर करून बघायचीही गरज नाही. एकतीस वर्षं टेबलावर हे दोन शब्द चालले. "बाण." "गओ." माझ्या यजमानांशीही माझं इतकं मोजकं आणि इतकं बिनचूक बोलणं कधी झालं नसेल.

निवृत्तीच्या वर्षी मुलींची आंतरविद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धा झाशीत आली. देशभरातले संघ, नवा बंदिस्त हॉल, आणि चकचकीत विजेचा बाण. तो विजेचा बाण पहिल्याच दिवशी दोन्हीकडे एकदम पेटला, म्हणजे पाळी सगळ्यांचीच. पाठकजी आधीच निवृत्त झाले होते, पण घड्याळ सोडलं नव्हतं; त्यांनी मुकाट्यानं पिशवीतून लाकडी बाण काढून टेबलावर ठेवला.

ही माझी शेवटची स्पर्धा. मनात एकच होतं: एकतीस वर्षांत माझ्या टेबलामुळे कुठला निकाल फिरला नाही, तसंच नीट उठावं. आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या मुली पहिल्यांदा एकेक मॅच मारत पुढे सरकायला लागल्या.

आमची कप्तान ऋतुजा. वडील लष्करात सुभेदार, जवळच्या बबिना छावणीत पोस्टिंग, मूळ गाव साताऱ्याकडचं. नऊ नंबर. कॉलेजात माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच. माझ्या भाच्याची मुलगीसुद्धा माझं मराठी ऐकून हिंदीत उत्तर देते, त्यामुळे मला ऋतुजाचं अप्रूप. एकदा ती चेंडूंच्या खोलीची किल्ली न्यायला लक्ष्मी तालाजवळ आमच्या घरी आली. मी म्हटलं, "फडताळात आहे बघ." ती उभीच. "काकू, फडताळ म्हणजे?" मी भिंतीतलं कपाट दाखवलं. ती हसत सुटली. म्हणाली, "काकू, तुमचं मराठी पेटीत ठेवल्यासारखं आहे." मी म्हटलं, "बाई गं, पेटीत ठेवलं म्हणून तर झाशीत अडीचशे वर्षं टिकलं. तुझ्यासारखं वापरलं असतं तर कधीच झिजलं असतं." तिचं ते शेवटचं वर्ष. पुढे वडिलांची बदली ठरलेली. तिनं मला सांगून ठेवलं होतं, "काकू, एकदा तरी झाशीला नेणार कप." मी म्हटलं, "झाशीतच आहे तो, नेतेस कुठे." तर म्हणाली, "म्हणजे जाऊ देणार नाही."

उपांत्य फेरीच्या दिवशी पाठकजींनी नेहमीप्रमाणे मंगोडे आणले. मुगाची भजी म्हणा, पण झाशीत तसं म्हणू नका. सोबत कागदाच्या पुडीत हिरवी चटणी. मी एकतीस वर्षं सांगत होते, की टेबलावर खाऊ नका. ते एकतीस वर्षं म्हणत होते, "जिज्जी, बस एक."

मॅच दुसऱ्याच दोन संघांची होती. एका गुणानं निकाल लागला आणि हरलेल्या संघाचा प्रशिक्षक कागद तपासायला आला. हे त्याच्या हक्काचं आहे. त्यानं बोट ठेवलं. त्याच्या अकरा नंबरच्या मुलीच्या एका बास्केटवर गोल होता. गोल म्हणजे तीन गुण, आणि मी धरले होते दोन. म्हणजे मॅच बरोबरीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी काही तो गोल काढला नव्हता. पण गोल होता, चांगला घोटीव, कडेनं गडद आणि आत फिका.

मुख्य पंच एक उंच, शिस्तीच्या बाई होत्या, दक्षिणेकडच्या. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद उजेडात धरला. मग नाकाशी नेला. मग मोठ्या गंभीरपणे म्हणाल्या, "धनिया."

चटणीचा थेंब नेमका त्या अकरावर पडून वाळला होता. बास्केटबॉलच्या नियमात लाल आणि निळा असे दोनच रंग आहेत, हिरवा नाही, त्यामुळे निकाल तसाच राहिला. पण अख्खा हॉल हसला. प्रशिक्षक हसला, हरलेल्या मुली रडता रडता हसल्या. मला काही हसू येईना. एकतीस वर्षांचं माझं स्वच्छ अक्षर, आणि शेवटच्या आठवड्यात त्यावर कोथिंबीर. मी सगळ्यांसमोर पाठकजींना म्हटलं, "तुमची जागा या टेबलावर नाही, ठेल्यावर आहे."

पाठकजींनी उरलेल्या मंगोड्यांची पुडी घडी करून खिशात घातली. म्हणाले, "ठीक है जिज्जी. अब हम बोलेंगे ही नहीं."

मी म्हटलं, "नका बोलू."

झाला अबोला सुरू. वयं साठीची, वागणं सातवीतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंतिम सामना. आमच्या मुली एकीकडे, दुसरीकडे पाहुण्या, समुद्रकिनाऱ्याकडचा तगडा संघ. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी माझी डब्याची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये उभी करून ठेवली, भिंतीसारखी. बाण पिशवीच्या पुढे, टेबलाच्या मैदानाकडच्या कडेला गेला. दोघांचाही हात पोचेल, पण दिसेल नीट कुणालाच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता "बाण" कसं म्हणणार? म्हटलं तर मी आधी बोलले असं होईल. मी खोकले. पाठकजी समजले, त्यांनी बाण फिरवला. पण ते तरी "गओ" कसं म्हणतील? म्हटलं तर ते आधी बोलले असं होईल. तेव्हा मी दर वेळी पिशवीवरून वाकून बघायची, फिरलाय की नाही. दुसरा क्वार्टर असा गेला, तिसराही गेला. मधल्या सुटीत कुणी तरी मला खोकल्याची गोळी आणून दिली.

चौथा क्वार्टर सुरू झाला. बाण आमच्या मुलींकडे होता, चेंडू आम्हाला मिळाला, आत आला. मी खोकले. पण आवाज इतका होता की माझा खोकला मलाच ऐकू आला नाही. आणि त्याच क्षणी ऋतुजा चेंडू घेऊन सुसाट निघाली, मला नजर हलवता येईना. वाटलं, या माणसानं काही ऐकलेलं नाही. मी न बघताच पिशवीमागून हात घातला, नख लावलं आणि बाण स्वतःच फिरवला. ऋतुजानं बास्केट टाकली. मी निळ्या पेनानं नऊ लिहिला आणि बाण विसरून गेले.

त्यानंतर दहा मिनिटं काय चाललं होतं ते कागदावर आहे. दोन आमचे, दोन त्यांचे, तीन त्यांचे, दोन आमचे. धरपकड मात्र एकदाही झाली नाही, त्यामुळे बाणाकडे बघायची वेळच आली नाही. घड्याळात चार सेकंद उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. चेंडू पाहुण्यांकडे. ऋतुजानं त्यांच्या एका मुलीच्या हातातल्या चेंडूला मिठी घातली आणि दोघी जमिनीवर लोळल्या. शिट्टी. पंचबाईंचे दोन्ही अंगठे वर. त्यांनी आमच्या टेबलाकडे पाहिलं.

बाण आमच्या मुलींकडे होता.

हॉल दणाणून गेला. चार सेकंद म्हणजे बास्केटबॉलमध्ये खूप. ऋतुजा उठून रेषेवर जाऊन उभीही राहिली, दोन्ही हात पुढे, चेंडू द्या म्हणून. आणि मी पिशवीवरून वाकून बाणाकडे बघत बसले. क्वार्टरच्या सुरुवातीला पाळी आम्हीच घेतली होती. मी बाण माझ्या हातानं पाहुण्यांकडे फिरवला होता, नखाला त्याचा लाल रंग अजून लागलेला होता. मग हा परत आमच्याकडे कसा?

कसा, ते एकच माणूस सांगू शकत होतं, आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते.

त्या दोन-तीन क्षणांत माझं डोकं वकिलासारखं चाललं, खोटं कशाला सांगू. मी विचारलं नाही, तर मला माहीत नाही. मला माहीत नसेल, तर मी खोटं वागत नाही. बाण आमच्याकडे दिसतोय, पंचांना तो दिसतोय, पाहुण्यांच्या प्रशिक्षकाला दिसतोय, कुणी काही म्हणत नाही. मीच का म्हणू? कदाचित मी फिरवला असं मला नुसतं वाटलं असेल. वय झालं. आणि समोर ती पोर हात पसरून उभी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प तर मी कालपासून होतेच.

मी पिशवी उचलून खाली ठेवली.

"बाण?" मी म्हटलं.

पाठकजी घड्याळाकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनाही तेच कळलं होतं आणि तेही माझ्या अबोल्याच्या आडोशाला बसले होते.

"गओ," ते हळूच म्हणाले. "जब आप खाँसीं, तबई हमने घुमा दओ हतो."

म्हणजे खोकल्याबरोबर त्यांनी फिरवला होता, आणि तो फिरलेला मी परत फिरवला.

"मीपण फिरवला," मी म्हटलं.

"दोऊ ने?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जिज्जी, मोड़ियाँ हमाईं हैं."

"माहीत आहे मला, पोरी कुणाच्या आहेत ते. भोंगा तुमच्याकडे आहे."

पाठकजींनी डोळे मिटून भोंगा दाबला.

पंचबाई टेबलाशी आल्या. चेंडू अजून आत गेला नव्हता, त्यामुळे चूक सुधारता येत होती. एकदा तो आत गेला असता तर गेला असता. मी हिंदीत सांगितलं, की बाण दोनदा फिरला, एकदा यांनी, एकदा मी, पाळी पाहुण्यांची आहे. बाईंनी विचारलं, "आप दोनों ने एक-दूसरे को बताया नहीं?" पाठकजी म्हणाले, "बोलचाल बंद हती." बाईंनी आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग बाण उचलला आणि, देवाशपथ सांगते, आधी नाकाशी नेला. वास घेऊन झाल्यावर तो पाहुण्यांकडे टोक करून टेबलावर ठेवला.

हॉलमधून जो आवाज आला तो इथे लिहिण्यासारखा नाही, बराचसा बुंदेलीत होता. पाहुण्यांच्या प्रशिक्षकानं येऊन आमच्या टेबलाला हात लावून नमस्कार केला. ऋतुजाचे हात अजून पुढेच होते. ते खाली यायला थोडा वेळ लागला.

पाहुण्यांनी चेंडू आत टाकला, त्यांच्या मुलीनं तो झेलला.

"बाण," मी म्हटलं.

"गओ," पाठकजी म्हणाले.

चार सेकंद ती मुलगी चेंडू आपटत आमच्या पाच जणींना चुकवत गोल गोल फिरली. भोंगा झाला. आम्ही एका गुणानं हरलो. मी निळ्या पेनानं शेवटची रेघ मारली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझी रेघ वाकडी आली.

हॉल रिकामा होत असताना ऋतुजा टेबलाशी आली. डोळे लाल, केस विस्कटलेले. म्हणाली, "काकू, तुम्ही विचारलंच नसतं तर?"

"तर चेंडू तुला मिळाला असता."

"मी टाकली असती बास्केट."

"टाकली असतीस," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं आणि आजही वाटतं. सॉरी म्हणावं तर कशाबद्दल, आणि न म्हणावं तर कसं.

मग खाली ठेवलेली माझी डब्याची पिशवी तिनं उचलली, डबा उघडला आणि आतले तीनही बेसनाचे लाडू माझ्यासमोर उभ्या उभ्या खाल्ले, एकामागून एक, माझ्याकडे रागानं बघत. रिकामा डबा झाकण लावून परत दिला आणि गेली. मला तेव्हा रडू आलं. लाडवांसाठी नव्हे.

पाठकजी शेजारी बसलेच होते. मी म्हटलं, "ठेल्याचं बोलले ते चुकलं माझं."

"ठेले की बात बुरी नईं लगी जिज्जी," ते म्हणाले. "ठेला हम लगाते, तो खूब चलतो. बुरी जा लगी के इत्ते साल में आपने एक मंगोड़ा नईं खाओ." आणि खिशातून पुडी काढली. कालचीच. मी खाल्ला. गार, चिवट आणि वर चटणी सुकलेली. एकतीस वर्षं खाल्ला नाही यात माझं काही नुकसान झालं नव्हतं, पण तसं मी म्हटलं नाही.

झाशी मला माफ करायला तयार नव्हती. भाजीवाला तराजू धरून विचारायचा, "जिज्जी, तीर किते है?" बाण कुणीकडे म्हणून. चौकात रिक्षावाला कुठल्या बाजूला वळू, असं मला मुद्दाम विचारायचा. आमच्या दूधवाल्यानं तर चार दिवस दूधच घातलं नाही, पाचव्या दिवशी आला आणि म्हणाला, "अब हमारी पारी." कॉलेजच्या निरोप समारंभात प्राचार्यांनी भाषणात सचोटी हा शब्द सात वेळा वापरला आणि दर वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. शेवटी मला शाल, नारळ आणि तो लाकडी बाण दिला. पाठकजींनी आग्रह धरून द्यायला लावला.

बाण मी फडताळात ठेवला, वरच्या फळीवर, समोर दिसेल असा.

उन्हाळ्यात ऋतुजाच्या वडिलांची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली, निरोप घ्यायला. राग गेलेला होता की नाही मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. पाणी घ्यायला उठली आणि फडताळासमोर थांबली.

"काकू, हा तोच ना?"

"तोच."

"आता कुणाकडे आहे?"

"तूच सांग. नियम तुला येतो."

ती बोटांवर मोजायला लागली. शेवटची पाळी पाहुण्यांनी घेतली. चेंडू आत पडला. मी बाण म्हटलं, पाठकजींनी फिरवला. मग भोंगा झाला, मॅच संपली. त्यानंतर तो कुणी फिरवलेला नाही. तशाच्या तसा उचलून आणून ठेवलाय, टोकसुद्धा हलू न देता.

"म्हणजे पुढची पाळी आपली," ती म्हणाली.

"तुझी," मी म्हटलं.

तिनं ओढणीच्या टोकानं बाणावरची धूळ पुसली, अगदी जपून, दिशा बदलू न देता. जाताना दारातून म्हणाली, "काकू, कुणाला फिरवू देऊ नका हं."

नाही देत. पाठकजी दर रविवारी येतात, मंगोडे घेऊन. आमचं आठवड्यातून एकदा तरी भांडण होतं. चटणीची पुडी मात्र ते फडताळापासून लांब ठेवतात. बाण अजून तिच्याकडेच आहे.